जंतू तोच, माणूस वेगळा

बहिणाबाई चौधरींच्या संसारातल्या दुःखांबद्दल बोलताना लोक बहुधा त्यांच्या अकाली वैधव्यापाशी थांबतात. त्यांच्या मुलाला, ओंकारला, प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले, ही गोष्ट मागे राहते. विसाव्या शतकाच्या आरंभी प्लेगची साथ आली की लोक घरे सोडून रानात झोपड्या घालून राहत आणि ओसरली की परतत. परतताना कोण बरोबर असेल याचा भरवसा नसे. एकाच घरात, एकाच चुलीवरचे जेवणारी माणसे. त्यांतले एक दोन दिवसांत जाई, दुसरे महिनाभर झगडून उभे राही, तिसऱ्याला काहीच होत नसे. असे का, याला तेव्हा दैवाशिवाय दुसरे उत्तर नव्हते. आज बांभोरीजवळ गिरणेच्या काठी ज्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे, तिथे जीवशास्त्राचे विद्यार्थी हाच प्रश्न घेऊन पीएच.डी.ला नाव नोंदवू शकतात. त्या प्रश्नाच्या शास्त्राला इम्युनॉलॉजी म्हणतात, मराठीत प्रतिकारशास्त्र.

हे पुस्तक त्या वाटेवर नुकतेच पाऊल टाकणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या एखाद्या महाविद्यालयातून सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, प्राणिशास्त्र नाही तर फार्मसी शिकला असाल, एम.एस्सी. हातात असेल आणि पुढे काय, हा प्रश्न घरचे रोज विचारत असतील, तर ही पाने तुमच्यासाठी आहेत. तुमच्या घरच्यांनीही वाचली तर बरेच होईल. पाच-सहा वर्षे मुलगा किंवा मुलगी ‘अजून शिकतेच आहे’ म्हणजे नेमके काय करते, हे त्यांना कोणी तरी नीट सांगायला हवे.

वाचकांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. संसर्गजन्य रोगांचा अभ्यास म्हटले की डोळ्यांसमोर सूक्ष्मदर्शकाखालचा जंतू येतो. तो अभ्यास महत्त्वाचा आहेच. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीत तुम्ही तो केला आहे. प्रतिकारशास्त्राची नजर मात्र जंतूवरून उचलून माणसावर ठेवावी लागते. ही नजर बदलायला वेळ लागतो आणि ती बदलली नाही तर प्रबंध पूर्ण होतो, पण विषय हाती लागत नाही. म्हणून नियम आणि अर्ज यांच्याकडे वळण्याआधी एका रोगापाशी थोडे थांबू.

तो रोग म्हणजे कुष्ठरोग. त्याचा जंतू नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ साली पाहिला. दीडशे वर्षे झाली, तरी हा जंतू प्रयोगशाळेतल्या कोणत्याही कृत्रिम माध्यमावर वाढवता आलेला नाही. तो उंदराच्या तळपायात वाढतो, आर्माडिलो नावाच्या अमेरिकन प्राण्यात वाढतो आणि माणसात वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात, जिथे आपल्या आतड्यातल्या ई. कोलायला वीस मिनिटे पुरतात. संसर्ग झाल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत पाच वर्षे सहज जातात, कधी वीसही. आणि बहुसंख्य माणसांना हा जंतू शरीरात जाऊनही काहीच होत नाही.

आता तपासणी कशी होते ते पाहा. कुष्ठरोग शोध मोहिमेत आशाताई दारोदार जातात. संशयित वाटला तो प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो. डॉक्टर त्याला डोळे मिटायला सांगतात. फिकट चट्ट्यावर कापसाची वात किंवा बॉलपेनचे टोक हलकेच टेकवतात आणि म्हणतात, जिथे लागले तिथे बोट ठेवा. चांगल्या कातडीवर बोट अचूक जाते. चट्ट्यावर टेकवले की हात मांडीवर तसाच राहतो. मग डॉक्टर कोपराच्या मागच्या खोबणीत बोटांनी नस चाचपतात. ती जाड झालेली असते, दाबली की रुग्ण कळवळतो. अशा रुग्णाच्या चट्ट्यातून त्वचेचा नमुना घेतला तर पुष्कळदा त्यात जंतू सापडतच नाहीत किंवा अगदी थोडे सापडतात. दुसऱ्या एखाद्या रुग्णाच्या कानाच्या पाळीतून घेतलेल्या नमुन्यात मात्र जंतूंचे पुंजकेच्या पुंजके दिसतात, आणि त्याच्या अंगावरचे चट्टे इतके पुसट असतात की घरच्यांनाही कळलेले नसतात.

जंतू दोघांत एकच. पहिल्या माणसाच्या टी पेशींनी त्या जंतूला कडाडून विरोध केला. जंतू जवळजवळ संपले, पण त्या झटापटीत स्वतःची नस जायबंदी झाली. दुसऱ्याच्या टी पेशी गप्प राहिल्या. त्याच्या रक्तात या जंतूविरुद्धच्या अँटीबॉडी मात्र भरपूर सापडतात. त्यांचा उपयोग काय? जवळजवळ काही नाही, कारण जंतू पेशींच्या आत बसलेला आहे आणि अँटीबॉडी बाहेर फिरत आहेत. रिडले आणि जॉपलिंग या दोघांनी १९६६ साली या दोन टोकांच्या मधल्या पायऱ्या मांडल्या. ती मांडणी आजही वापरात आहे, आणि तिचा आधार जंतूचे प्रकार हा नाही. रुग्णाच्या शरीराने काय केले, यावर ती उभी आहे.

कोविडच्या दिवसांत अँटीबॉडीची तपासणी घरोघर पोचली आणि अँटीबॉडी म्हणजेच प्रतिकारशक्ती असा समज पक्का झाला. शाळेच्या पुस्तकांतले ‘शरीराचे सैन्य’ही आपल्या डोक्यात घट्ट बसलेले असते. मला त्या सैन्याचा कंटाळा आहे. कुष्ठरोगासमोर ते चित्र लगेच कोलमडते: जिथे सैन्य जोरात लढते तिथे हात वाकडा होतो, आणि जिथे लढत नाही तिथे माणूस वर्षानुवर्षे जंतू वागवत हिंडतो. उपचार चालू असतानाही अचानक चट्टे लाल होऊन सुजतात, नसा ठणकतात. रुग्णाला वाटते औषध अंगावर उलटले, आणि तो गोळ्या बंद करतो. प्रत्यक्षात ती त्याच्याच प्रतिकारयंत्रणेची उसळी असते. वेळेत स्टिरॉइड मिळाले तर नस वाचते. ही ‘रिअ‍ॅक्शन’ कोणाला येणार, हे आधी सांगणारी साधी, खात्रीची रक्ततपासणी गावपातळीवर आजही उपलब्ध नाही. भारताने २००५ च्या अखेरीस कुष्ठरोगाचे ‘निर्मूलन’ जाहीर केले, म्हणजे दर दहा हजारांमागे रुग्ण एकाच्या खाली आणले. तरी जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक अजून आपल्याच देशात सापडतात. तेव्हा प्रबंधाला विषय नाही, अशी तक्रार निदान या क्षेत्रात कोणी करू नये.

दुसरे उदाहरण सातपुड्याचे आणि त्याच्या आसपासचे. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, शिरपूरचा वरचा भाग. भिल्ल, पावरा, मावची, गावित समाजांत सिकलसेलचा जनुक मोठ्या प्रमाणात आढळतो. हा जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट असतो, आणि फाल्सिपेरम मलेरियाच्या जीवघेण्या रूपापासून त्याला चांगले संरक्षण मिळते. अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून १९५४ साली हे दाखवून दिले. दोघांकडून आला तर सिकलसेल आजार होतो: हाडे फोडणाऱ्या वेदना, रक्तक्षय आणि वारंवार संसर्ग. जुन्या काळी नवापूरच्या बाजूचा हिवताप साऱ्या खान्देशात कुप्रसिद्ध होता. त्या तापाने पिढ्यानपिढ्या ज्यांना निवडून मागे ठेवले, त्यांच्या नातवंडांच्या रक्तात आज तो जनुक आहे.

इथे एक बारकावा आहे आणि तो नव्या संशोधकाने जरूर पाहावा. पाठ्यपुस्तक सांगते की सिकलसेलच्या रुग्णाची प्लीहा लहानपणीच सुकून निकामी होते आणि म्हणून न्यूमोकॉकससारखे जंतू त्याला जड जातात. हे वर्णन मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवरून आले आहे. आपल्याकडच्या रुग्णांत जनुकाची ठेवण वेगळी असते, गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त टिकते, आणि पुष्कळांची प्लीहा सुकण्याऐवजी वाढलेली सापडते. मग ती वाढलेली प्लीहा काम करते का? करत असेल तर किती? इथल्या मुलांना कोणते संसर्ग अधिक होतात, लशीला त्यांचे शरीर किती प्रतिसाद देते? देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाचे अभियान जुलै २०२३ पासून चालू आहे आणि त्यात तपासण्या लाखांनी होत आहेत. त्या तपासण्यांच्या पलीकडचे हे प्रश्न विचारायला शहाद्याच्या किंवा शिरपूरच्या विद्यार्थ्याइतका जवळ दुसरा कोण आहे?

याला जोडून पोषणाचा विषय येतो. क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यातले क्षयाचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाले, असे झारखंडमधल्या एका मोठ्या चाचणीत दिसले. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. डाळ-तांदळाने लशीसारखे काम केले. ते पेशींच्या पातळीवर कसे केले, हा अजून प्रतिकारशास्त्राचा प्रश्न आहे. कुपोषणाच्या बातम्यांत ज्या तालुक्यांची नावे वर्षानुवर्षे येतात, त्यांच्या शेजारी राहणाऱ्यांनी तो हाती घ्यावा.

हा विषय आपल्याकडे परका नाही, हेही सांगितले पाहिजे. मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली; तीच आजची हाफकिन संस्था. त्याच परळला के.ई.एम. रुग्णालयात डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांना एक असा रक्तगट सापडला की त्या रक्तात नेहमीच्या सगळ्या गटांविरुद्ध अँटीबॉडी होत्या. १९५२ साली तो ‘बॉम्बे’ या नावाने जगापुढे आला. पुण्यात त्याच वर्षी विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले, ज्याला आपण आज एनआयव्ही म्हणतो.

पण तुमच्यासारख्या वाचकाला सगळ्यात जवळची वाटावी अशी गोष्ट कमल रणदिवे यांची आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, माहेरच्या समर्थ. फर्ग्युसनमधून पदवी घेतली, मग पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली एम.एस्सी. केले, विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रे. लग्नानंतर मुंबईला आल्या, टाटा मेमोरियल रुग्णालयात काम धरले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. विषय आता कर्करोगाचा होता. खानोलकर स्वतः विकृतिशास्त्राचे मोठे नाव. कुष्ठरोगात नसांचे काय होते, यावरही त्यांनी मूलभूत काम केले होते. पुढे रणदिवेबाई अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या, प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली.

त्याच केंद्रात १९५८ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून एक जंतू वेगळा केला. तो हान्सेनचा जंतू नव्हता, पण त्याच्या नात्यातला होता, आणि प्रयोगशाळेत वाढत होता. त्याला केंद्राच्याच आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी’ नाव मिळाले. पुढे डॉ. मा. ग. देव यांच्या गटाने त्यापासून कुष्ठरोगावरची लस बनवली. तमिळनाडूत वेगवेगळ्या लशींची मोठी तुलनात्मक चाचणी झाली तेव्हा तिच्यात ही लसही होती. रणदिवेंना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. सीताफळाच्या गुणसूत्रांपासून कुष्ठरोगापर्यंतचा हा प्रवास मी मुद्दाम सविस्तर सांगितला, कारण ‘माझे एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रात झाले, मला इम्युनॉलॉजीत घेतील का?’ असे विचारणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. घेतील. पेशी कशी हाताळायची हे हाताला कळत असेल तर उरलेले शिकता येते.

आता मार्गाविषयी. नियम बदलत राहतात, म्हणून इथे थोडक्यातच. जीवशास्त्राच्या पदवीधरांसाठी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि त्याची संशोधन केंद्रे. वैद्यकीय पदवी असणाऱ्यांसाठी नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ. प्रवेश पेटमधून किंवा नेटमधून. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन वर्षे आणि साधारण कमाल सहा वर्षे, त्यात सुरुवातीचे कोर्सवर्क. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये, घरभाडे वेगळे. सीएसआयआर, आयसीएमआर, डीबीटी या तिघांच्याही फेलोशिपसाठी प्रयत्न करा. त्या नाही जमल्या तर बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिप आहेत. त्यांच्या जाहिराती केव्हा येतील याचा नेम नसतो, तेव्हा जातीचे, नॉन-क्रिमीलेयरचे दाखले आधीच काढून ठेवावेत. फेलोशिपशिवाय, केवळ हौसेने नाव नोंदवू नका. प्रतिकारशास्त्रातली एक अँटीबॉडीची कुपी वीस-तीस हजारांची असू शकते आणि ती कोणी तरी विकत आणावी लागते.

गाईड निवडताना लोक गाईडचे नाव पाहतात. तुम्ही त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध पाहा. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध फुकट वाचायला मिळतात. दोन दुपारी त्यात घालवल्या तर एखाद्या प्रयोगशाळेत खरोखर काय चालते ते प्रस्तावनेतल्या आभारांपासून परिशिष्टापर्यंत सगळे कळते. शक्य असेल तर सहमार्गदर्शक वैद्यकीय महाविद्यालयातला घ्या. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालय जुने आहे, जळगाव आणि नंदुरबारलाही आता शासकीय महाविद्यालये झाली आहेत. रुग्ण तिथे आहेत. पेशींचे काम विद्यापीठात किंवा शिरपूरच्या फार्मसी संस्थेसारख्या ठिकाणी होऊ शकते. या दोन्हींना जोडणारा माणूस, तो तुम्ही व्हायचे आहे.

एका गोष्टीबद्दल मी थोडे कडवट बोलणार आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे. आपल्याकडे ‘संसर्गजन्य रोगांवर संशोधन’ म्हणून अमुक वनस्पतीचा अर्क आणि त्याने बशीत जंतू मरतात का, असले प्रबंध ढिगाने निघतात. अर्कात बुडवलेली कागदी चकती, तिच्याभोवतीचे स्वच्छ वर्तुळ, पट्टीने मोजलेले मिलिमीटर. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हात बसवण्यासाठी ते करावे. पण बशीत माणूस नसतो. त्या अर्काने मॅक्रोफेज काय करतो, टी पेशी जागी होते की झोपते, हे विचारले तरच ते प्रतिकारशास्त्र होते. असा विषय तुमच्या गळ्यात पडत असेल तर नम्रपणे एवढा एक प्रश्न त्याला जोडून मागा.

प्रत्यक्ष काम कसे असते, याचा एक तुकडा दाखवतो. रुग्णाच्या हातातून काढलेले दहा मिलिलिटर रक्त तेवढ्याच क्षारद्रावणात मिसळायचे. दुसऱ्या नळीत तळाशी फायकॉल नावाचा घट्टसर द्रव असतो. त्यावर हे रक्त नळी तिरपी धरून, पिपेटने, काचेच्या कडेकडेने थेंबाथेंबाने सोडायचे. दोन्ही मिसळले की संपले, नळी फेकून द्यायची. मग सेंट्रिफ्यूजमध्ये अर्धा तास, आणि थांबताना ब्रेक बंद ठेवायचा, नाही तर झटक्याने थर मोडतात. नळी बाहेर काढली की तळाला लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मध्ये दुधावरच्या सायीसारखे एक पातळ पांढुरके कडे दिसते. तुमचा सगळा विषय त्या कड्यात असतो: टी पेशी, बी पेशी, मोनोसाइट. एका मिलिलिटर रक्तामागे साधारण दहा लाख पेशी हाती येतात. नवीन विद्यार्थ्याच्या हाती त्याच्या निम्म्याही येत नाहीत, आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

हे सगळे रक्त काढल्यापासून काही तासांत व्हायला हवे. धडगावला काढलेले रक्त घाट उतरून, शहाद्यावरून जळगावला यायला अर्धा दिवस जातो. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असतात. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेला हा प्रश्न पडत नाही, म्हणून तिच्या पद्धतींत त्याचे उत्तरही सापडणार नाही. उत्तर आपले आपण शोधावे लागते. नुसत्या अँटीबॉडी मोजायच्या असतील तर बोटातून घेतलेला थेंब गाळणकागदावर वाळवून आणता येतो. त्याला बर्फ लागत नाही. पेशीच हव्या असतील तर तालुक्याच्या ठिकाणी एक सेंट्रिफ्यूज बसवून तिथेच पांढरे कडे वेगळे करावे आणि पेशी गोठवून आणाव्यात. त्यासाठी द्रवरूप नायट्रोजन लागतो, उणे १९६ अंशांचा. तो खान्देशात कुठे मिळणार म्हणून विद्यार्थी हताश होतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या पिंपात ठेवतात, त्यात तोच असतो. डॉक्टरांशी ओळख करून घ्या.

रुग्णाचे रक्त घेण्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी लागते आणि रुग्णाची संमती लागते. हे कागदाचे काम समजू नका. पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या बाईला छापील मराठी संमतीपत्र वाचून दाखवणे म्हणजे संमती नाही. तिच्या बोलीत, तिच्या घरातल्या माणसांसमोर, रक्त किती घेणार, कशासाठी, त्यातून तिला काय मिळणार आणि काय मिळणार नाही, हे सांगावे लागते. अहिराणी येणारा, पावरी समजणारा संशोधक या जागी दिल्ली-पुण्याच्या कोणत्याही तज्ज्ञाच्या पुढे असतो. मुलाखतीत ही गोष्ट सांगायला लाजू नका.

१९९४ च्या सप्टेंबरची आठवण इथे द्यायला हवी. सुरतेत फुप्फुसाचा प्लेग उद्भवल्याची बातमी आली आणि काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून निघाली. उधना-लिंबायतच्या यंत्रमागांवर काम करणारा खान्देशी माणूस ताप्ती मार्गाच्या गाड्यांनी नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडे परतला. टेट्रासायक्लिन दुकानांतून नाहीसे झाले. सुरतेतल्या मृत्यूंचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला, पण तो प्लेग होता की आणखी काही, हा वाद पुढे कितीतरी वर्षे चालला. साथ चालू असताना नमुने नीट घेणे, वाढवणे, जपणे जमले नव्हते, हे त्याचे मुख्य कारण. जपलेल्या नमुन्यांतल्या डीएनएवरून हैदराबादच्या सीसीएमबीसह काही संशोधकांनी तो प्लेगचाच जंतू असल्याचे २००० साली दाखवले. उतरणाऱ्या त्या प्रवाशांचे रक्त त्याच आठवड्यात कोणी गोळा केले असते, तर किती जणांना नुसता संसर्ग झाला आणि आजार झाला नाही, हेही कळले असते. पुढच्या साथीत ते काम करायला जिल्ह्यात शिकलेली माणसे हवीत. पुस्तकाचे शेवटचे प्रकरण त्याबद्दल आहे.

धुळ्याला संशोधनाची सवय आहे, असे मी अभिमानाने म्हणतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जन्मभर गावोगाव हिंडून कागद गोळा केले. ते १९२६ साली धुळ्यात वारले आणि त्यांचे दप्तर सांभाळण्यासाठी शहराने संशोधन मंडळ उभे केले. दारोदार जाऊन पुरावा आणायचा, त्यावर तारीख-ठिकाण लिहायचे, तो पुढच्याला सापडेल असा ठेवायचा: आमच्या विषयात नमुन्यांच्या नोंदवहीचे नियम हेच आहेत.

पुस्तक कसे वाचावे, एवढे सांगून थांबतो. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीधरांनी पहिले प्रकरण सोडून दिले तरी चालेल. जन्मजात आणि अर्जित प्रतिकाराची ती तोंडओळख आहे. वनस्पतिशास्त्र किंवा रसायनशास्त्रातून आलेल्यांनी मात्र ते दोनदा वाचावे. तिसरे प्रकरण, टी पेशीला परके कसे ओळखता येते याचे, कठीण आहे. तिथे अडलात तर पुढे जा, कुष्ठरोगाचे प्रकरण वाचा आणि मग मागे या. सांख्यिकीचे प्रकरण कोणीही टाळू नये. किती रुग्ण घ्यायचे हे काम सुरू करण्याआधी ठरवायचे असते, व्हायवाच्या आदल्या रात्री नाही. आणि वाचन चालू असतानाच, पुढच्या कुष्ठरोग शोध मोहिमेच्या तारखा तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्या. वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी काढा आणि एक दिवस आशाताईंबरोबर फिरा. वही न्या, प्रश्न तिथेच लिहून ठेवा.